साहेब पागेत आहेत

माणूस निवृत्त झाला की त्याची किंमत उतरते आणि घोडा निवृत्त झाला की चढते. बँकेतून निवृत्त होऊन घरी बसल्यावर ही गोष्ट मला कळली, म्हणून जरा जास्तच लागली. मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. कुठेच वेळेवर जायचे उरले नाही अशा माणसाला घड्याळ का देतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. तिकडे अमेरिकेत १९७३ साली सेक्रेटेरिएट नावाचा घोडा अजून शर्यती पळतच होता, तोवर त्याच्या निवृत्तीनंतरच्या सेवेचे ३२ हिस्से पाडून ते ६० लाख ८० हजार डॉलरला विकूनही झाले होते. सेवा काय, तर आलेल्या घोडीला शिंगरू होईल एवढी तजवीज करायची आणि उरलेला दिवस गवत खायचे. आमच्याकडे एका विहिरीच्या सातबाऱ्यावर चार नावे लागली तरी कोर्टात दोन पिढ्या म्हाताऱ्या होतात. या घोड्यावर ३२ नावे! पुढे त्याने त्याच वर्षी बेलमाँटची शर्यत ३१ लांबींनी जिंकली, तेव्हा त्या ३२ जणांना रात्रीची झोप लागली असेल.

हा विषय माझ्या गळ्यात पडला तो आबांमुळे. आबा म्हणजे आमच्या हिचे थोरले बंधू. नगर जिल्ह्यात त्यांचा ऊस आहे. ऊस कारखान्याला जातो आणि कारखान्याचे पैसे घोड्याला. घोडा मारवाडी, काळा कुळकुळीत, तोंडावर पांढरा पट्टा आणि चारही पाय पांढरे, म्हणजे पंचकल्याण. कान टवकारले की दोन्ही कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात. उंची पासष्ट इंच. (घोडेवाले उंची इंचात सांगतात आणि अर्ध्या इंचावरून सोयरीक मोडावी तसे भांडतात.) एका मोठ्या प्रदर्शनात हा घोडा पहिला आला, नाचण्यात पारितोषिक मिळवले, आणि त्या दिवसापासून त्याने चाकरी सोडली. आता तो फक्त वंश वाढवतो. त्याला एक लांबलचक राजेशाही नाव आहे, पण घरात ते कुणी घेत नाही. सगळे त्याला ‘साहेब’ म्हणतात.

आबांना फोन करावा तर वहिनी उचलतात. “आबा आहेत का?” म्हटले की, “आहेत, पण साहेबांपाशी आहेत.” जेवायला बोलवावे तर, “साहेबांचं झालं की येतात.” सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा साहेबांचा मोसम संपल्यावरची धरली. डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा आबा म्हणाले, “घरात एकाच वेळी दोघांचं बघायला माणूस नाही.” सासूबाईंना याचे वाईट वाटले नाही. “त्याचं आधी बघा,” त्या म्हणाल्या, “माझ्याकडे बघायला कोण राजस्थानातनं येतंय?”

साहेबांचा दिवस पहाटे सुरू होतो. सईस आधी लांबून खाकरतो, मग बोलतो, मग पुढच्या बाजूने आत जातो. मागून गुपचूप जाऊन पुठ्ठ्यावर थाप मारायची सवलत साहेबांनी कुणालाही दिलेली नाही. मग खरारा. मान, खांदा, पाठ, पुठ्ठे असा तो फिरतो आणि उन्हाच्या तिरपेत केसांची आणि धुळीची बारीक वाफ उठते. मग ब्रश, मग ओल्या फडक्याने डोळे आणि नाकपुड्या, आणि शेवटी एकेक पाय उचलून आकड्याने खुराच्या तळव्यातली माती उकरायची. तीन पाय साहेब शहाण्यासारखे देतात. चौथा देताना मात्र अंगाचा भार हळूच सईसाच्या पाठीवर सोडतात आणि डोळे मिटून घेतात. साडेचारशे किलोंचा ऐवज. सईस वाकलेल्या अवस्थेत मारवाडीतून चार शिव्या हासडतो, तेव्हा साहेब एक कान वळवून त्या नीट ऐकतात आणि मग भार काढून घेतात. मराठी शिव्यांनी कान हलत नाही, हे आबांनी करून पाहिले आहे.

हा सईस घोड्याबरोबरच मारवाडातून आला. त्यामुळे आबांच्या वस्तीवर घोड्याशी बोलायची भाषा हिंदी ठरली. सासूबाईंनी उभ्या जन्मात हिंदीचा शब्द तोंडातून काढला नव्हता, पण पागेवरून जाताना त्याही “बैठो, बैठो” म्हणतात. घोडा बसत नाही. मान मात्र हलवतो, आणि तेवढ्यावर सासूबाई दिवसभर खूष असतात.

साहेबांचा खुराक हा स्वतंत्र विषय आहे. सारंगखेड्याच्या यात्रेची बातमी पेपरात येते तिच्यात घोड्याची उंची, किंमत आणि खुराक या तीन गोष्टी नसतील तर संपादक ती छापत नसावेत. खुराकात दूध, तूप, अंडी आणि बदाम हवेतच. आबाही वार्ताहरांना तेच सांगतात. पण घोड्याचे डॉक्टर येतात तेव्हा ते पहिला प्रश्न विचारतात, “गवत पोटभर मिळतंय ना?” घोड्याची खरी भट्टी त्याच्या मोठ्या आतड्यात असते आणि तिला चारा लागतो. वर निसर्गाने आणखी एक गंमत करून ठेवली आहे: घोड्याला उलटी होत नाही. तोंडावाटे आत गेलेली चूक तोंडावाटे बाहेर यायची सोयच नाही. ती पोटात राहून शूळ उठवते, आणि लाखमोलाचा घोडा रात्रीत आडवा होतो. म्हणून प्रत्यक्षात साहेब कोरडे गवत, लसूणघास, ओट, भिजवलेले हरभरे आणि मीठ खातात. बदामही येतात, नाही असे नाही. ते साहेबांना भेटायला आलेल्या पाहुण्यांना मिळतात.

सारंगखेडा हे गाव नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोडेबाजार. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, पंजाबकडचे गुलाबी कातडीचे पांढरे नुकरे असे देशभरचे घोडे येतात. आता या यात्रेला चेतक फेस्टिव्हल असेही नाव लागले आहे, त्यामुळे घोड्यांपेक्षा घोड्यांबरोबर फोटो काढणारे जास्त. कुठे ढोलावर घोडा पुढचे पाय उचलून ठेका धरतो, कुठे खाटेवर चढून नाचतो, आणि घोड्यापेक्षा त्या खाटेचे कौतुक करावेसे वाटते.

साध्या घोड्याचा सौदा आजही रुमालाखाली होतो. दोघे हात मिळवतात, वरून रुमाल पडतो, बोटे दाबली जातात आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला हजार की लाख ते कळत नाही. पण आबांच्या घोड्याच्या वर्गाला रुमाल लागत नाही, कारण तिथे सौदाच करायचा नसतो. नामांकित नर घोडा बाजारात नेतात तो न विकण्यासाठी. मोठा तंबू, दारात फ्लेक्स, फ्लेक्सवर घोडा मोठा आणि आबा पासपोर्टच्या आकाराचे. लोक येतात, विचारतात, “कितीला?” आबा म्हणतात, “विकायचा नाही.” “तरी मागणी किती झाली?” इथे आबा एक आकडा सांगतात. तो आकडा कुणी दिला, कधी दिला, देणारा शुद्धीवर होता का, हे विचारायचे नसते. दुसऱ्या दिवशी पेपरात येते की अमुक कोटींची मागणी धुडकावली. बँकेत आम्ही मालमत्तेची किंमत ठरवायला व्हॅल्युअर नेमायचो. इथे न झालेल्या व्यवहारावरून किंमत ठरते, आणि दर वर्षी न विकल्यामुळे ती वाढत जाते. माझ्या नोकरीत मी इतके चोख पुस्तकी मूल्य दुसरे पाहिले नाही.

यात्रेत आणखी एक जात भेटते. यांना घोडा घ्यायचा नसतो, पोसायचा नसतो, पण तपासायचा असतो. हे लोक अंगावरचे भोवरे मोजतात. गळ्याखालचा भोवरा देवमण, तो शुभ. डोळ्याखालचा भोवरा म्हणजे धन्याच्या डोळ्यांत पाणी. असे एक गृहस्थ साहेबांभोवती फेरी मारून मला म्हणाले, “घोडा चांगला आहे, पण धन्याला पैसा टिकणार नाही.” आबांचा हिशेब मला ठाऊक होता, म्हणून मी त्या शास्त्रापुढे हात जोडले.

यात्रा संपली की फोन सुरू होतात. घोडी दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते, म्हणजे साहेबांचे कार्यालय उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडते. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांना तेवढाही धीर नसतो. उत्तर गोलार्धात त्या सगळ्यांचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीला. डिसेंबरच्या शेवटी जन्मलेले शिंगरू चार दिवसांत एक वर्षाचे होते आणि शर्यतीला जन्मभर मागे पडते. घोडीचे पोट अकरा महिन्यांचे. म्हणून तिने हिवाळा सरता सरताच माजावर यावे यासाठी मोठ्या स्टड फार्मांवर तबेल्यात दिवे लावून तिला सोळा तासांचा दिवस दाखवतात. आमच्या वस्तीवर शेतीच्या विजेच्या वेळा पाहता, हा प्रयोग केला तर घोडीला वर्षभर अमावास्याच दिसेल.

घोडी आली तरी साहेब लगेच भेटत नाहीत. नामांकित नर घोड्याला कुणी नाही म्हणू नये, शिवाय घोडीची एक लाथ वर्षाचा धंदा बसवू शकते. म्हणून आधी दुसरा घोडा पाठवतात. मोठ्या फार्मांवर त्याला टीझर म्हणतात. आबांकडे या जागेवर एक भुरकट तट्टू आहे. फळ्यांच्या आडोशाला घोडी उभी करतात, पलीकडून तट्टू जाऊन लाडीगोडी लावते. घोडीने कान पाडले, किंचाळली, फळीवर लाथ हाणली, तर लाथ तट्टाच्या खात्यात. तिने शेपूट बाजूला घेतले, शांत उभी राहिली, तट्टाकडे मान वळवून मवाळ नजरेने पाहिले, की त्याच क्षणी तट्टाला दाव्याने ओढून परत नेतात आणि साहेबांना पाचारण होते. या तट्टाइतका घोर अन्याय मी सरकारी बढत्यांमध्येही पाहिलेला नाही.

पण इतिहासात एकदा या जातीचे दैव फळफळले होते. अठराव्या शतकात इंग्लंडात एक अरबी घोडा याच हलक्या कामावर होता. हॉबगॉब्लिन नावाच्या मानाच्या घोड्यासाठी रोक्साना नावाची घोडी आणली. हॉबगॉब्लिनने नाक मुरडले आणि रोक्साना या अरबाच्या वाट्याला आली, अशी आख्यायिका आहे. तिला १७३२ साली लॅथ नावाचे शिंगरू झाले, ते शर्यतीत गाजले, आणि त्याचा बाप गोडॉल्फिन अरेबियन म्हणून अजरामर झाला. आज जगातल्या कुठल्याही थरोब्रेडची बापाकडची वंशावळ मागे नेली तर ती तीन घोड्यांपाशी पोचते, त्यांतला हा एक. ही कथा मी एकदा आबांच्या तट्टाला गोठ्यामागे नेऊन कानात सांगितली. त्याने माझ्या शर्टाचे बटण खाल्ले.

साहेब येतात तो प्रसंग मात्र बघण्यासारखा असतो. आधी वस्तीवरची पोरे घरात कोंडतात, मग ती गच्चीवरून बघतात. घोडीच्या शेपटीला पट्टी गुंडाळलेली, मागच्या पायांना दोर, एक माणूस तोंडापाशी. साहेब पागेच्या दारातून निघतात तेच दोन पायांवर. सईस दोराच्या टोकाला लोंबकळत येतो. आणि मग, सगळ्यांनी श्वास धरलेला असताना, साहेब थांबतात. घोडीचा वास घेतात, मान थेट आभाळाकडे नेतात, वरचा ओठ उलटा दुमडतात, दात दाखवतात आणि तसेच उभे राहतात. हा नराचा वास पारखायचा रीतसर प्रकार आहे, पण बाहेरगावाहून घोडी घेऊन आलेल्या माणसाला वाटते की घोडा हसतोय. “पसंत नाही का हो?” असे त्याने काळजीने विचारले की आबा गंभीरपणे म्हणतात, “विचार करतायत.” पुढचा भाग मिनिटभराचा. फी त्याच मिनिटाची असते.

परदेशात या मिनिटाचे करारपत्र असते. बहुतेक करारांत अट अशी की शिंगरू जन्माला येऊन स्वतःच्या पायांवर उभे राहिले आणि आईला प्यायले, तरच पैसे. माझ्या मते कर्जवाटपात आम्ही इतकी शहाणी अट घातली असती तर बऱ्याच बँका आज उभ्या असत्या. पण घोड्याचे नाव वाढले की हमी आटते. नॉर्दर्न डान्सर हा कॅनडाचा बुटका घोडा. शिंगरू असताना २५ हजार डॉलरलाही त्याला कुणी उचलले नाही. १९६४ साली त्याने केंटकी डर्बी जिंकली, आणि १९८०च्या दशकात त्याची एका घोडीची फी दहा लाख डॉलरवर गेली, तीही शिंगराची कसलीही हमी न देता. ज्यांनी लहानपणी २५ हजाराला नाकारला त्यांच्या घरी पुढे या विषयावर काय बोलणे झाले असेल, ते प्रत्येक नवरा सांगू शकेल.

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा-घोडीची समक्ष भेट झाली नसेल तर शिंगराची नोंदच होत नाही. त्यामुळे बडे घोडे उत्तर गोलार्धातला मोसम आटपून विमानाने ऑस्ट्रेलियाला जातात आणि तिथला मोसम करतात. सुटी अशी नाहीच. २०२० साली अमेरिकेच्या जॉकी क्लबने ठरवले की इथून पुढे जन्मलेल्या घोड्याने वर्षाला १४० पेक्षा जास्त घोड्या करू नयेत. स्टड फार्मवाले कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये क्लबने नियम मागे घेतला. कामाचे तास कमी करायला धन्याने विरोध केला ही गोष्ट जुनीच आहे, पण इथे कामगारानेही तक्रार केल्याचे कुठे नोंदलेले नाही.

त्याच अमेरिकेत गाई वळवणारे, रेतीत गर्रकन फिरून घसरत थांबणारे क्वार्टर हॉर्स असतात. त्यांना कृत्रिम रेतन चालते. तिथले साहेब ठोकळ्याच्या खोट्या घोडीवर काम भागवतात, आणि पुढचा प्रवास उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बारीक नळ्यांतून होतो. घोडा मरून गेला तरी त्याला मुले होत राहतात. पण नावाचा हा मोह महागातही पडतो. इम्प्रेसिव्ह नावाचा असाच एक देखणा क्वार्टर हॉर्स, पिळदार स्नायूंचा. जो तो आपली घोडी त्याच्याकडे नेऊ लागला. पुढे हजारो वंशजांत स्नायू थरथरून घोडा कोसळण्याचा आनुवंशिक रोग निघाला आणि त्याचा माग थेट या बापापाशी लागला. तोवर त्याचे रूप आणि त्याचा रोग दोन्ही घरोघर पोचले होते.

या धंद्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे साहेबांचा स्वतःचा वकूब. अमेरिकेत सिगार नावाचा घोडा लागोपाठ १६ शर्यती जिंकला. त्याची एकूण कमाई ९९ लाख ९९ हजार ८१५ डॉलर झाली, म्हणजे एक कोटीला १८५ डॉलर कमी. हिशेबाच्या माणसाला हा आकडा बघून रडू येते. निवृत्तीनंतर मोठ्या थाटात ३४ घोड्या त्याच्याकडे आणल्या. एकही गाभण राहिली नाही. विमा कंपनीने अडीच कोटी डॉलर मोजले आणि सिगार केंटकीच्या घोड्यांच्या बागेत लोकांकडून गाजरे खात २०१४ पर्यंत मजेत राहिला. सगळ्या अश्वजातीत पूर्ण पगारी आणि बिनकामाची निवृत्ती फक्त त्यालाच साधली.

आणि कुळ बघून पैसे टाकणाऱ्यांनी द ग्रीन मंकीचे नाव देव्हाऱ्यात लिहून ठेवावे. २००६ साली फ्लोरिडात लिलावाआधीच्या चाचणीत तो वाऱ्यासारखा पळाला आणि एक कोटी ६० लाख डॉलरला गेला. नंतर तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही, आणि जन्माची कमाई १० हजार ४४० डॉलर. तरीही त्याला निवृत्त करून वंशवृद्धीला ठेवलेच, कारण बाप चांगला होता ना! आमच्याकडे निवडणुकीची तिकिटे याच तत्त्वावर वाटतात.

नाचणाऱ्या घोड्यांचेही असेच. युरोपात ड्रेसाज म्हणून प्रकार आहे. घोडा संगीतावर पावले टाकतो आणि परीक्षक टक्के देतात. काळ्याभोर टोटिलासला डिसेंबर २००९ मध्ये लंडनच्या ऑलिंपियात ९२.३० टक्के पडले. २०१० मध्ये तो जर्मनीत विकला गेला. खरी किंमत जाहीर झाली नाही, अंदाज एक कोटी युरोच्या आसपासचा. नवा धनी, नवा स्वार. पुढे दुखापती सुरू झाल्या आणि ते जुने टक्के पुन्हा दिसले नाहीत. आबांना हे सांगितले तेव्हा ते साहेबांच्या आयाळीतून हात फिरवीत म्हणाले, “म्हणून म्हणतो दाजी, विकायचा नाही.”

सरकारेसुद्धा या प्राण्यापुढे मऊ होतात. आयर्लंडने १९६९ साली एकाच वित्त कायद्यात दोघांना करमाफी दिली: वंशवृद्धीच्या घोड्यांच्या फीला, आणि कवी-लेखकांच्या मानधनाला. अर्थमंत्र्यांनी दोन्हींची वर्गवारी जवळपास का केली असेल यावर मी बराच विचार केला. एकाला मागणी फार आणि दुसऱ्याला मुळीच नाही, एवढाच फरक दिसतो. घोड्यांची माफी २००८ मध्ये संपली. लेखकांची एका मर्यादेपर्यंत चालू आहे, कारण त्यातून तिजोरीचे काही जात नाही.

मी बँकेतला माणूस, तेव्हा एका रिकाम्या दुपारी आबांची वही मागून घेतली आणि जमाखर्च मांडला. खर्चाच्या बाजूला चारा, चंदी, सईसाचा पगार, नालबंद, डॉक्टर, रक्ततपासणी, यात्रेचा ट्रक, तंबू, फ्लेक्स, बदाम. जमेच्या बाजूला फी आणि लिदेचे खत. लीद रोजची वीसेक किलो, त्यामुळे ती नोंद भरघोस दिसत होती. बेरीज मारली तर तोटा. मी चष्मा काढला आणि आबांना आमच्या पुण्याचेच उदाहरण दिले. पूनावालांचा स्टड फार्म १९४६ पासूनचा. त्यांचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, तिथे त्यांच्या रक्तातून औषधी सीरम काढायचे. ते सीरम आपणच का काढू नये या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि जगभर लशी गेल्या. “घोड्यातून पैसा असा काढतात,” मी म्हणालो.

आबांनी वही बघितली. बोटाने जमेचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, “दाजी, मान कुठल्या खात्यात टाकलात?”

मी म्हटले, “मानाला खाते नसते.”

“मग ही वही चुकली,” आबा म्हणाले. “पन्नास एकर ऊस हाय आमचा. आजवर कुणी ऊस बघायला आलं? परवा आमदार आले, गाडी लावून चिखलातनं पागेपर्यंत चालत आले. पंजाबचे सरदार आले. कोल्हापूरकडचे आले. मला कोण ओळखतं? ‘त्या घोड्याचे आबा’ म्हणून ओळखतात. पोराच्या सोयरिकीत मुलीच्या बापानं पहिला प्रश्न घोड्याचा विचारला.”

आमदार आले तेव्हा मीही तिथे होतो. आमदारांनी साहेबांच्या मानेवर ठेवायला हात पुढे केला. साहेबांनी कान मागे चिकटवले, हात परत गेला. त्यानंतर सईसाचे धाकटे पोर नाक पुसत आले, तर त्यालाही कान मागे. साहेबांना सगळे सारखे, म्हणजे सगळे कमी. आमदाराला, सरदाराला, आबाला, मला, कुणालाही ते काही देणे लागत नाहीत. गावात ज्याच्या त्याच्याशी गोड बोलून जगावे लागणाऱ्या माणसाला असे एक जनावर दारात असण्याचे मोल काय, ते आमच्या लेजरमध्ये बसत नव्हते हे खरे. वही मी मिटून ठेवली.

त्यानंतर आबांनी एक युक्ती केली. “दाजी, तुम्ही रिकामेच आहात, तुमचं इंग्रजीही चांगलं,” असे म्हणून त्यांनी फ्लेक्सवर चौकशीसाठी माझा नंबर छापला. आता मला पहाटे हनुमानगडहून फोन येतो, दुपारी बारामतीहून, रात्री कुणीतरी दारू पिऊन नुसता घोड्याचा फोटो मागतो. पहिले काही दिवस मी वैतागलो. मग लक्षात आले की नोकरीत असताना माझ्याशी कुणी इतक्या अदबीने बोलत नव्हते. परवा बँकेतला माझा जुना साहेब भेटला. त्याच्या व्याह्यांकडे घोडी आहे, तुझी ओळख आहे म्हणे, जरा लवकरचा नंबर लावून दे. ज्या माणसाने माझी रजा कधी एका फटक्यात मंजूर केली नाही, तो आर्जवाने बोलत होता. मी खिशातून डायरी काढली, पाने उलटली, आणि म्हणालो, “या मोसमात अवघडच आहे. तरी बघतो. फीचं मागाहून बोलू, आधी घोडीची उंची सांगा.”